देवीपुढचा कागद

तीन महिने गोळी घेऊनही माझ्या फुप्फुसातली गाठ कमी झाली नव्हती. उलट थोडी वाढलीच होती. डॉक्टरांनी जुनं आणि नवं अशी दोन चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली. मला त्या चित्रांतलं काही कळलं नाही, पण माणसाचा चेहरा मला कळतो. वीस वर्षं मंडईत अडत्यांचे चेहरे वाचूनच मी भाजी उचलत आले आहे. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे होतं ते मला बघताक्षणी समजलं. ते म्हणाले, अजून एक महिना बघू; तसंच दिसलं तर ही गोळी थांबवून सलाईनमधून औषध सुरू करावं लागेल. मग त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. दुसरं कुठलं औषध चालू आहे का, ही पहिली. मी म्हटलं, नाही; बीपी नाही, शुगर नाही, या दुखण्याआधी दवाखान्याची पायरी फक्त बाळंतपणाला चढले होते. चेहऱ्यावर, छातीवर पुरळ उठलं का, ही दुसरी. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "नाही साहेब, आमच्या माहेरच्यांची कातडी चांगली असते." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मी खोटं बोलले नव्हते, हे इथेच सांगून ठेवते. मला जे खरं वाटत होतं तेच मी सांगितलं होतं.

बाहेर आल्यावर मी रडले नाही. मला रडू यायच्या आधी राग येतो आणि रागाला जागा मिळाली की रडू परत जातं. त्या दिवशी पार्किंगवाल्याशी भांडले, घरी येऊन स्वयंपाकघरातल्या बायकांना कणीक सैल झाली म्हणून बोलले, आणि माझ्या यजमानांनी "थोडं पडतेस का?" असं हळूच विचारलं तर त्यांनाही सोडलं नाही. हे स्वभावाने गरीब आहेत. वाळूजच्या कंपनीत तीस वर्षं शिफ्टमध्ये काम केलं, कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. मध्यंतरी कंपनी वर्षभर बंद पडली तेव्हा मी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत चार डब्यांपासून सुरुवात केली. पुढे त्याच वाळूजच्या तीन कंपन्यांना माझ्या घरचे डबे जाऊ लागले. हाताखाली सहा बायका आल्या. कुणी हात दिला नाही, कुणी सूट दिली नाही. जे मिळालं ते मी घासाघीस करून मिळवलं. म्हणून असेल, घासाघीस केल्याशिवाय मिळालेली वस्तू मला खोटी वाटायची, आणि जी मिळाली नाही ती आपल्याकडून कुणीतरी काढून घेतली असं वाटायचं.

अशी एक गोष्ट माझ्या मनात एकोणीस वर्षं होती. तीही सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. माझ्या सासूबाई शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या आणि ती चार वर्षं त्या माझ्याकडे होत्या. त्यांचं सगळं मी केलं. जाण्याआधी त्या मला म्हणाल्या होत्या, "देवीचा टाक तुझ्याकडं ठेव." टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली आमच्या कुळाची देवी, तळहातात मावेल एवढी. पण त्या हे बोलल्या तेव्हा खोलीत मी एकटीच होते. दिवस झाल्यावर थोरल्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, सगळे देव पदरात घेऊन हर्सूलला त्यांच्या घरी गेल्या. देव थोरल्या घरी राहतात ही आमच्याकडची रीत. मी सासूबाईंचा शब्द सांगितला तर अक्का चारचौघांत म्हणाल्या, "देव काय भांडीकुंडी हैत का वाटून घ्यायला?" मीही चारचौघांतच उत्तर दिलं. म्हटलं, आजपासून तुमच्या उंबऱ्याच्या आत माझा पाय पडणार नाही. देवीनं स्वतः बोलावलं तर बघू. त्यानंतर थोरले दीर वारले तेव्हासुद्धा मी त्यांच्या ओट्यावर बसून आले, आत गेले नाही. आत मोठ्याने रडण्याचा आवाज येत होता आणि मी ओट्यावर पाठ भिंतीला लावून बसले होते. आज आठवलं की लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

आजार निघाला तो खोकल्यातून. तंबाखू नाही, मिश्री नाही, तरी छातीत गाठ. आधी मला वाटलं दवाखान्यात कुणाच्या तरी फोटोशी माझ्या फोटोची अदलाबदल झाली. पण गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि तपासणीत असं निघालं की माझी गाठ ज्या प्रकारची आहे तिच्यावर रोज एक गोळी चालते, लगेच सलाईनची गरज नाही. गोळी सुरू झाली त्याच दिवशी मी देवीशी बोलणी केली. बोलणीच म्हणते, कारण ती प्रार्थना नव्हती. आमच्या कुळाची तीच देवी हर्सूलच्या देवळात आहे. तिथे जाऊन मी सांगितलं, गाठ गेली तर साडीचोळी आणि पाच मंगळवार. महिन्याने खोकला तसाच राहिला तर बोली वाढवली, साडीवर नथ घातली. दुसऱ्या महिन्यात पाचाचे अकरा मंगळवार कबूल केले आणि वरून ऐकवलं, की एवढं करूनही तुला परवडत नसेल तर मला दुसरं दार बघावं लागेल. असं कुणी देवाशी बोलतं का? मी बोलले. अडत्याला जसं पाठ फिरवून दोन पावलं चालून दाखवतात, तशी मी देवीकडेही पाठ फिरवून दोन पावलं चालून दाखवली होती. अडत्या मागून हाक मारतो. देवीनं मारली नाही.

तर तो खराब निकाल आला तो सोमवार होता. दुसऱ्या दिवशी मंगळवार. डबे रवाना झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, स्कूटर काढा, हर्सूलला जायचं आहे. ह्यांना वाटलं नवस बोलायला जाते आहे. मी भांडायला निघाले होते. दुपारचं ऊन होतं, हर्सूल जेलच्या लांब भिंतीच्या कडेने जाताना मी मनात वाक्यं जुळवत होते. मी सासूची चार वर्षं सेवा केली, तुझा टाक मला मिळाला नाही. मी कुणाचं खाल्लं नाही, तरी हा आजार मला. गोळी घेते, तीही तू चालू देत नाहीस. एकूण हिशोब तुझ्याकडे निघतो, माझ्याकडे नाही. हे सगळं मला गाभाऱ्यासमोर उभं राहून म्हणायचं होतं.

देवळाबाहेर ओटीचं सामान विकणाऱ्या बायका बसतात. मी नेहमी कोपऱ्यातल्या एका बाईकडून घ्यायचे, साठीच्या आसपासची, काळीसावळी, कपाळभर कुंकू. तिचं नाव मला माहीत नव्हतं. तिला माझं नाव माहीत नव्हतं. पण माझी घासाघीस तिला चांगली ठाऊक होती. भांडायला निघालेल्या माणसाने ओटी कशाला घ्यायची, पण रिकाम्या हाताने जाववेना. तिने भाव सांगितला, मी निम्मा सांगितला. ती म्हणाली, "ताई, देवीच्या दारात बी तुमचा काटा काय हालत नाय." मी म्हटलं, "नारळात पाणी किती ते आधी हालवून दाखव." ती हसली, नारळ कानाशी हलवून दाखवला आणि शेवटी मी म्हटलं त्या भावाला दिला. तेवढ्यात माझ्या छातीत जळजळ उसळली. गेले तीन महिने ती फार वाढली होती. मी पर्समधल्या पाकिटातून गोळी काढली आणि तिच्याकडे पाणी मागितलं. तिने तांब्या पुढे केला आणि सहज विचारलं, "कशाची गोळी म्हणायची ताई?"

"काही नाही गं. गॅसची."

"रोज घेता व्हय?"

मी म्हटलं, पंधरा वर्षं झाली, सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, मंडईत जायच्या आधी. स्वयंपाकाच्या धंद्यात वेळेवर जेवण नसतं, सगळ्याच घेतात. आणि ती मोठी गोळी सुरू झाल्यापासून पित्त जास्त होतं म्हणून संध्याकाळीही एक, कधी अशी मधेही एक. तिने मोठी गोळी कसली ते विचारलं. मी सहसा सांगत नाही, पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं. ती म्हणाली, तिच्या लेकीला टीबी झाला होता तेव्हा गोळ्या द्यायला ज्या मॅडम यायच्या त्या दर वेळी एकच विचारायच्या, आणखी तोंडात काय काय जातं ते सांग. चहा सांग, तंबाखू सांग, गॅसची गोळी सांग, जडीबुटी सांग. "त्या म्हणायच्या, एका गोळीचं दुसरीशी पटत नस्तं. जावा-जावांवानी." तिने पुढे विचारलं, "तुम्हाला कागद दिला असंल की दवाखान्यातून. लई म्हागाच्या गोळीसंगं देत्यात. काय बोलतोय कागद?"

कागद दिला होता. मला आठवलं. पहिल्या दिवशी औषधाच्या खिडकीतल्या मुलीने गोळ्यांसोबत एक छापील कागद दिला होता आणि ती मला बराच वेळ काहीतरी समजावत होती. त्याच वेळी माझ्या फोनवर कांदेवाला होता. मी एका कानाने त्याला झापत होते आणि मानेने त्या मुलीला हो हो म्हणत होते. तिने शेवटी विचारलं होतं, "काकू, समजलं ना?" मी म्हटलं होतं, समजलं. तो कागद त्यानंतर मी पाहिला नव्हता. मी ह्यांच्याकडे वळून विचारलं, "अहो, गोळीसोबतचा तो कागद कुठंय?"

ह्यांनी स्कूटरच्या आरशाकडे पाहिलं, देवळाच्या कळसाकडे पाहिलं, माझ्याकडे सोडून सगळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "रागावणार नसशील तर सांगतो." आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, एवढं वाक्य बोलायला त्यांना केवढं धाडस लागलं असेल ते मला माहीत आहे. अक्कांनी त्यांना निरोप पाठवला होता, औषध सुरू करायच्या आधी त्याचा कागद आणून द्या, देवीपुढं ठेवते. आमच्याकडे ही पद्धतच आहे. मुलांचा दहावीचा निकाल असो, नोकरीचं पत्र असो की दवाखान्याची चिठ्ठी, आधी देवापुढे जाते. डॉक्टरांची चिठ्ठी तर दर महिन्याला लागते, म्हणून ह्यांनी मला न सांगता फाइलमधला दुसरा कागद, ज्याच्यावर सही नव्हती, शिक्का नव्हता, तो नेऊन दिला होता. "तिथंच आहे," हे म्हणाले. "टाकाखाली." अक्कांचं घर देवळापासून दोन गल्ल्यांवर आहे.

मी ओटी हातात घेऊन तिथेच उभी राहिले. देवळात जाऊन भांडायचं होतं ते राहिलं. एकोणीस वर्षांपूर्वी मी चारचौघांत जी अट घातली होती ती मला शब्दन् शब्द आठवत होती. देवीनं स्वतः बोलावलं तर. मला कुणी हाक मारली नव्हती, अंगावर काटा आला नव्हता, फूल पडलं नव्हतं. नुसती एक ओटीवाली पाण्याचा तांब्या धरून बसली होती आणि माझे यजमान खाली मान घालून उभे होते. तरीही मला एवढं स्पष्ट कळलं की माझा जीव ज्या कागदावर आहे तो त्या उंबऱ्याच्या आत आहे आणि तो आणायला मी दुसऱ्याला पाठवू शकत नाही. ह्यांनी "मी आणतो, तू बस" असं म्हटलंही. मी म्हटलं, "तुम्ही परत चुकीचा आणाल." खरं कारण ते नव्हतं.

दोन गल्ल्या चालायला मला दम लागला. अक्कांचं दार उघडं होतं. त्या आत शेंगा फोडत बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या झाल्या, डोळ्यांना नीट दिसत नाही. मी उंबऱ्याबाहेर थांबले तर आतून म्हणाल्या, "कोण ते? मधे या, नायतर उजेड सोडा." त्यांनी मला ओळखलं नव्हतं. मी आत पाय ठेवला. एकोणीस वर्षं ज्याच्यासाठी अडून बसले ते एवढंच होतं, एक पाऊल, आणि पायाखाली शेंगांची टरफलं वाजली. मी म्हटलं, "अक्का, मी आहे." त्यांचे हात थांबले. मग सूप बाजूला सारून म्हणाल्या, "आलीस का. मला वाटलं मी गेल्यावर येतीस." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उत्तराऐवजी रडूच आलं. राग वाटेत कुठेतरी राहिला असावा. अक्कांनी मला रडू दिलं. पाणी आणलं, गूळ आणला, आणि मग, त्या त्याच आहेत म्हणून, म्हणाल्या, "किती वाळलीस गं. डबे लोकांना आन् सोता उपाशी."

देवघरात टाक होता. पिढ्यांचे हात लागून देवीचा चेहरा गुळगुळीत झाला होता, सासूबाईंच्या वेळी होता तसाच. त्याच्याखाली घडी घातलेला तो कागद, हळदीकुंकवाने भरलेला. अक्कांनी तीन महिने रोज सकाळी त्याला कुंकवाचं बोट लावलं होतं. त्या शाळेत गेल्या नाहीत, त्यांना वाचता येत नाही. मला येतं. मी सातवी शिकले आहे आणि कागद मराठीत होता. मी तो उलगडला आणि तिथेच जमिनीवर बसून वाचला. गोळी रिकाम्या पोटी घ्या, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास. एखादी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. एकदम धाप लागली, खोकला वाढला किंवा जुलाब थांबेनात तर वाट न बघता दवाखान्यात या. त्याखाली कुंकवाचा मोठा लाल डाग होता आणि त्या डागाच्या मधोमध छापलेलं होतं, की आम्लपित्ताच्या, गॅसच्या गोळ्यांनी पोटातलं आम्ल कमी होतं आणि मग ही गोळी अंगात नीट शोषली जात नाही; अशी कुठलीही गोळी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका. पुढे काढे, जडीबुटी, पपनसासारखी फळं, बिडी-सिगारेट, टीबीची, फिटची, रक्त पातळ करायची औषधं, सगळं सगळं विचारून घ्यायला सांगितलं होतं. मंडईतल्या एकाने दिलेला काढाही मी महिनाभर घेत होते. तोही औषध आहे असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या डागाला मी चमत्कार म्हणत नाही. घडीच्या त्याच जागी अक्कांचं बोट सहज पोचत असेल. पण मी दर मंगळवारी येऊन जिच्याकडे उत्तर मागत होते, तिच्या पायाशी उत्तर तीन महिने पडून होतं, त्यावर रोज खूण केली जात होती, आणि ते वाचायला मीच तेवढी आले नव्हते. मी अक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं मी रोज तिला म्हनायची, आई, ह्यात जे लिवलंय ते खरं कर. आता काय लिवलंय ते मला काय ठावं." त्यावर आधी हे हसले, मग मी हसले, आणि हसता हसता मला खोकला आला तर अक्का माझी पाठ चोळत बसल्या. निघताना मी कागद पर्समध्ये ठेवू लागले तर अक्कांनी हात धरला. "तो आता देवीचा झाला. झेरॉक्स काढून ने." टाक दिला नव्हता, आता कागदही देत नव्हत्या. पण या वेळी मला राग आला नाही. ह्यांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

दुसऱ्याच दिवशी मी घरातलं सगळं, गोळ्यांची पाकिटं, काढ्याची बाटली, चूर्णाची डबी, एका पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ओतलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते गॅसच्या गोळीचं पाकीट हातात घेऊन म्हणाले, "मी औषधं विचारली, तुम्ही औषधं सांगितली. चूक माझ्या प्रश्नातही होती." गॅसची गोळी कशी थांबवायची, जळजळ झाली तर कुठलं साधं पातळ औषध किती तासांच्या अंतराने घ्यायचं, हे त्यांनी मला लिहून दिलं. काढा बंद. हे सांगतानाच त्यांनी स्पष्ट केलं की गाठ यामुळेच वाढली असं छातीठोकपणे सांगता येत नाही; असू शकेल; महिन्याने बघू. पूर्वी मी अशा उत्तरावर त्यांना उलटतपासणीत घेतलं असतं. त्या दिवशी फक्त हो म्हटलं.

पहिला आठवडा छातीत आग आग झाली. पंधरा वर्षांची सवय मोडताना ती होतेच म्हणे. स्वयंपाकघरातल्या बायका मला गुपचूप त्यांच्या पदराच्या गाठीतली गोळी काढून देऊ करायच्या. मी त्यांच्याही गोळ्या गोळा करून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. आणि मग बाराव्या की तेराव्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर नाकावर, गालांवर, हनुवटीवर लाल लाल पुरळ. दोन दिवसांत सगळा चेहरा भरला. माहेरच्यांच्या कातडीची माझी ऐट धुळीला मिळाली. मी घाबरून दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांनी माझा चेहरा पाहिला तर ते पहिल्यांदा मनापासून हसले. म्हणाले, ही गोळी अंगात लागू पडायला लागली की बऱ्याच जणांना असं पुरळ येतं. आम्ही याचीच वाट बघत होतो. लावायला मलम दिलं, फार वाढलं तर लगेच यायला सांगितलं. मी तसाच चेहरा घेऊन हर्सूलला अक्कांकडे गेले. त्यांनी माझ्या गालावरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "चौपन्नाव्या वर्षी मुरमं? परत लगीन करतीस का?" आयुष्यात पहिल्यांदा मला कुरूप दिसण्याचा एवढा आनंद झाला होता.

महिन्याने पुन्हा चित्रं काढली. डॉक्टरांनी ती शेजारी शेजारी लावली. या वेळी मी चित्रांकडे पाहिलं नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी पेनाचं टोक आधी मोठ्या डागावर ठेवलं, मग लहान डागावर, आणि दोन्ही चित्रं माझ्याकडे वळवली. गाठ निम्म्याहून कमी झाली होती. पुढच्या वेळी आणखी कमी. आज दीड वर्ष झालं; खोकला नाही, मी पहाटे मंडईत जाते आणि अडत्यांना अजूनही माझी भीती वाटते. आजार पूर्ण गेला असं डॉक्टर म्हणत नाहीत आणि मीही म्हणवून घेत नाही. गोळी चालू आहे. तपासण्या चालू आहेत. पण सलाईनची गोष्ट परत निघाली नाही.

निकाल चांगला आला त्या मंगळवारी मी देवीला गेले. कोपऱ्यातल्या बाईने ओटीचा भाव सांगितला आणि मी तेवढे पैसे काढून तिच्या हातावर ठेवले. ती घाबरली. "काय ताई, बरं वाटत नाय का आज?" मी तिला सगळं सांगितलं आणि तिच्या पाया पडायला वाकले तर तिने पाय मागे घेतले. म्हणाली, "मी काय केलं? पानी दिलं." तिचं नाव मी त्या दिवशी विचारून घेतलं. इथे लिहीत नाही. तिने तसं सांगितलं आहे.

त्या दिवशी अक्कांच्या देवघरात मी बसले होते तेव्हा अक्कांनी टाक उचलला आणि माझ्या हातात ठेवला. "ने आता. सासूबाई मला बी बोलल्या होत्या, धाकटीला दे म्हनून. मलाच देववंना." एकोणीस वर्षं मला हे वाक्य ऐकायचं होतं. चारचौघांत ऐकायचं होतं. ते ऐकायला त्या क्षणी त्या खोलीत आम्ही दोघीच होतो आणि मला तेवढं पुरलं. टाक माझ्या तळहातावर होता, पिंपळाच्या पानाएवढा हलका. एवढ्याशा वजनाचं ओझं मी किती वाहिलं. मी तो परत जागेवर ठेवला आणि म्हटलं, "इथंच राहू द्या अक्का. मला यायला कारण राहील."

देवीशी माझी बोलणी आता बंद आहेत. साडीचोळी दिली, पण ती बोली म्हणून नाही. पूर्वी तिच्यापुढे उभी राहिले की आधी माझ्या अटी सांगायचे, तिला बोलायला जागाच ठेवत नव्हते. जे मागायचं ते मी मोठ्याने मागितलं आणि जे दिलं होतं ते घडी घालून पडून राहिलं. आता दर मंगळवारी दुपारी अक्कांच्या देवघरात बसते. टाकाखालचा कागद काढते आणि वरपासून खालपर्यंत सावकाश वाचते. रिकाम्या पोटी, विचारल्याशिवाय नको, धाप लागली तर थांबू नका. अक्का डोळे मिटून, हात जोडून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकतात, पोथी ऐकावी तशा. वाचून झालं की त्या कुंकवाचं बोट आधी कागदाला लावतात, आणि मग माझ्या कपाळाला.